हुलकावणी आणि काचीगुड्याचे मास्तर

वालूरला आम्ही दोघे गेलो होतो ते बारव पाहायला. परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातले हे गाव. वाल्मीकींच्या नावाशी गावाचे नाव जोडणारी लोकश्रुती तेथे आजही सांगितली जाते. चक्राकार पायऱ्यांनी तळाकडे उतरत जाणारी तेथील बारव गावकऱ्यांनी श्रमदानाने मोकळी केली, तेव्हापासून आमच्यासारख्या हौशी मंडळींची तिकडे ये-जा वाढली आहे. बारवेविषयी बरेच लिहून झाले आहे आणि अधिकारी व्यक्तींनी लिहिले आहे. आम्ही त्यात भर घालणार नाही. या लेखाचे निमित्त आहे ते परतताना गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत पाहिलेला फुटबॉलचा खेळ.

दहा-बारा मुले होती. एक तरुण शिक्षक त्यांना खेळवत होते. चेंडू एका काटकुळ्या पोराच्या पायाशी चिकटल्यासारखा होता आणि बाकीची मुले त्याच्यामागे धावून दमली होती. "सर, हा बॉल देतच नाई बघा!" अशी तक्रार आली. शिक्षक ओरडले, "अरे, एकटा किती नेशील? दे की!" पोराने ऐकले नाही. उजवीकडे झुकल्यासारखे करून तो डावीकडून निघाला, एकाला चकवले, दुसऱ्याला चकवले, तिसरा स्वतःच पाय अडकून पडला. आणि मग ज्या शिक्षकांनी नुकतेच दरडावले होते, त्यांनीच टाळी वाजवली.

ही टाळी आमच्या डोक्यातून गेली नाही. आम्ही मराठी शिकवतो. विद्यार्थ्याच्या निबंधात एखादे अनावश्यक पण लखलखीत वाक्य आले, की आमचा लाल पेन असाच क्षणभर अडखळतो. फुटबॉलमध्ये ज्याला 'ड्रिब्लिंग' म्हणतात, ते चेंडू पायाशी खेळवत प्रतिस्पर्ध्याला हुलकावणी देण्याचे कौशल्य शिकवावे कसे, आणि शिकवताना ते आवरावे कसे, हा प्रश्न त्या शिक्षकांचा होता तसा आमचाही आहे. त्या प्रश्नाचे एक विलक्षण उत्तर एका शाळामास्तरांनी शोधले होते, तेही ज्या राज्यात वालूर एके काळी होते त्या राज्याच्या राजधानीत. मराठवाड्याच्या आठवणीत मात्र त्या मास्तरांना जागा मिळालेली नाही.

आधी शब्दाकडे पाहू. इंग्रजी 'ड्रिबल'चे मूळ थेंबाथेंबाने गळण्यात आहे. म्हणजे चेंडू एकदम भिरकावायचा नाही, थोडा थोडा, थेंबाथेंबाने पुढे न्यायचा. या शब्दात प्रतिस्पर्धी कुठेच नाही. आपल्याकडचे शब्द पाहा: हूल, हुलकावणी, चकवा, झुकांडी. यांतला एकही शब्द समोरच्या माणसाशिवाय पुरा होत नाही. हूल कोणाला तरी द्यावी लागते. हे शब्द चेंडूच्या खेळातून आलेले नाहीत. आट्यापाट्यांत पाटी राखणाऱ्याला एका बाजूला ओढून दुसऱ्या बाजूने निसटायचे, सूरपाटीवरच्या गड्याची नजर चुकवायची, सगळ्या पाट्या ओलांडून परतायचे. हुतूतूत चढाई करणाऱ्याने पायाची हूल दाखवून हाताने गडी मारायचा. म्हणजे ड्रिब्लिंगचा अर्धा भाग, शरीराने खोटे बोलण्याचा भाग, मराठी मुलाला फुटबॉल पाहण्यापूर्वीच येत होता. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिनमध्ये ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके केली, त्यांत हुतूतूही होता. उरलेला अर्धा भाग चेंडूचा. तो मात्र बाहेरून आला.

तो जिथून आला तिथेही ड्रिब्लिंगचा इतिहास सरळ नाही. १८६३ साली लंडनमध्ये फुटबॉल असोसिएशनने नियम केले, तेव्हा चेंडूच्या पुढे असलेल्या सहकाऱ्याला खेळता येत नसे. पुढे पास देण्याची सोयच नसल्याने चेंडू पुढे नेण्याचा मुख्य मार्ग एकच होता: तो पायात ठेवून स्वतः धावणे. मागून साथीदार घोळक्याने धावत. चेंडू निसटला तर उचलायला. १८६६ मध्ये हा नियम सैल झाला. ३० नोव्हेंबर १८७२ रोजी ग्लासगोत इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यात पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला. तो गोलशून्य बरोबरीत सुटला. स्कॉटलंडचा सगळा संघ क्वीन्स पार्क या एकाच क्लबचा होता, एकमेकांना पुरते ओळखणारा. अंगाने दणकट इंग्रज ड्रिब्लरांना तोंड देताना चेंडू आपसांत फिरवण्याच्या स्कॉटिश पद्धतीची जी कीर्ती पुढे झाली, तिची सुरुवात याच काळातली. म्हणजे ड्रिब्लिंग ही या खेळातली नंतर आलेली नक्षी नव्हे, ती त्याची मूळ बोली. 'पास' हे नंतरचे प्रमाण लेखन. आमच्या व्यवसायामुळे सुचलेली उपमा आहे, फार ताणू नये.

हिंदुस्थानात हा खेळ फौजेबरोबर आला. सिमल्याची ड्युरँड स्पर्धा १८८८ ची, मुंबईची रोव्हर्स १८९१ ची. २९ जुलै १९११ रोजी मोहन बागानने कलकत्त्यात गोऱ्या पलटणीला हरवून आय.एफ.ए. शील्ड जिंकली, अनवाणी पायांच्या त्या विजयाची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. तिचा एक परिणाम मात्र क्वचितच सांगितला जातो. अनवाणी पायाला चेंडू कळतो. बुटाच्या चामड्यातून जे पोचत नाही ते बोटांना, तळव्याच्या कडेला कळते. आपल्या खेळाडूंची ड्रिब्लिंगवरची श्रद्धा या अनवाणी पायांतून वाढली आणि कोरड्या मैदानावर ती पुष्कळदा खरीही ठरली. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्रान्सविरुद्ध भारत १-२ असा थोडक्यात हरला, तेव्हा आपले बहुतेक खेळाडू अनवाणी होते. चार वर्षांनी हेलसिंकीच्या थंडीत युगोस्लाव्हियाने दहा गोल केले, आपण एक. त्यानंतर बूट सक्तीचे झाले. पण बुटांनी पाय झाकले तरी सवय झाकली गेली नाही. चेंडू मिळाला की आधी दोघांना चकवायचे आणि मग इकडेतिकडे पाहायचे, ही ती सवय. तिच्यावर कुणीतरी शिकवण्याच्या अंगाने विचार करणे आवश्यक होते.

तो विचार हैदराबादेत झाला. सय्यद अब्दुल रहीम यांचा जन्म १९०९ चा, शिक्षण उस्मानिया विद्यापीठातले, पेशा शाळामास्तराचा. काचीगुड्याची मिडल स्कूल, दारुल-उलूम, चादरघाट हायस्कूल अशा शाळांतून त्यांनी शिकवले आणि शारीरिक शिक्षणाची पदविका घेऊन मुलांच्या खेळाचे काम अंगावर घेतले. १९४३ पासून १९६३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते हैदराबाद फुटबॉल संघटनेचे सचिव होते. हैदराबाद सिटी पोलीस हा त्यांचा संघ. या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईत रोव्हर्स चषक जिंकला. रहीम राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक असताना भारताने १९५१ मध्ये दिल्लीत आणि १९६२ मध्ये जकार्तात आशियाई सुवर्णपदक मिळवले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक. 'मैदान' हा हिंदी चित्रपट २०२४ मध्ये आला तेव्हा ही पदके पुष्कळांना नव्याने कळली. आम्हांला मात्र पदकांपेक्षा त्यांनी मुलांसाठी काढलेल्या स्पर्धा अधिक महत्त्वाच्या वाटतात.

त्या स्पर्धा तीन प्रकारच्या होत्या. एकीत उंचीची मर्यादा: पाच फुटांच्या आतलीच मुले. म्हणजे वयाचे खोटे दाखले निकामी, आणि नुसत्या अंगबळावर जिंकणाऱ्या थोराड मुलांची सद्दी संपली. दुसरीत फक्त कमकुवत पायाने खेळायचे. उजव्या पायाच्या मुलाने डाव्याने, डाव्याच्याने उजव्याने. आणि तिसरीत ड्रिब्लिंगलाच बंदी. चेंडू आला की एका-दोन स्पर्शांत तो सोडायचा, अंगाशी ठेवायचा नाही.

तिसऱ्या प्रकारावर आम्ही बराच काळ थांबलो. ज्या मुलांना ड्रिब्लिंग सर्वांत प्रिय, त्यांच्याकडूनच ते काढून घ्यायचे? वरवर ही शिक्षा वाटते. पण कल्पना करून पाहा. चेंडू पायात ठेवता येणार नाही हे ठाऊक असलेला मुलगा चेंडू येण्याआधीच मान वर करतो. साथीदार कुठे, प्रतिस्पर्धी कुठे, मोकळी जागा कुठे, हे त्याला चेंडू पोचण्यापूर्वी पाहून ठेवावे लागते. पहिल्याच स्पर्शाला चेंडू योग्य दिशेला वळवावा लागतो, कारण दुसरा स्पर्श मिळेलच असे नाही. ज्याने हे महिनाभर केले आणि मग बंदी उठली, त्याचे ड्रिब्लिंग आता वेगळे असणार. कारण आता तो दुसरा मार्ग पाहून मगच चकवतो. आधी चकवणे ही सवय होती, आता ती निवड झाली. कमकुवत पायाच्या स्पर्धेचेही तेच. दोन्ही पाय चालणाऱ्याची हूलच खरी हूल, कारण तो कुठल्याही बाजूने जाऊ शकतो हे समोरच्याला पटलेले असते. ज्याचा एकच पाय चालतो, त्याच्या खोट्या झुकण्यावर कोण विश्वास ठेवणार?

संस्कृत काव्यशास्त्र शिकवताना काव्यहेतूंचा धडा येतो. मम्मटाने शक्ती, निपुणता आणि अभ्यास यांचा एकत्रित विचार केला. दंडीने तर उपजत प्रतिभा नसली तरी श्रुत आणि यत्नाच्या बळावर वाग्देवी थोडा का होईना अनुग्रह करते, असा दिलासा दिला. ड्रिब्लिंगबद्दल जगभर हाच वाद चालत आला आहे. नेदरलँड्सचे वील कुर्व्हर यांनी मोठ्या खेळाडूंच्या चित्रफिती पाहून त्यांच्या हालचाली सुट्या केल्या. पायाच्या आतल्या कडेने, बाहेरच्या कडेने, तळव्याने ओढून, पाऊल चेंडूवरून फिरवून, वेग बदलून. या सुट्या हालचाली मुलांना क्रमाने शिकवता येतात, असे त्यांनी मांडले. हा दंडीचा पक्ष. आज जगभर शंकूंच्या रांगेतून चेंडू नेणारी मुले दिसतात, ती याच विचाराची लेकरे. त्याचा उपयोग नाकारण्यात अर्थ नाही; चेंडू पायाच्या वीतभर अंतरात राहावा, नजर चेंडूवरून सुटून समोर जावी, गुडघे किंचित वाकलेले असावेत, हे शंकूंपाशीच अंगवळणी पडते. पण शंकू हूल खात नाही. तो जागचा हलत नाही, म्हणून त्याला चकवणे ही भाषा नव्हे, फक्त बाराखडी. रहीम यांनी अभ्यासाचाच मार्ग धरला, परंतु उलट्या बाजूने: हालचाली शिकवण्याऐवजी अडचण शिकवली. वृत्ताच्या बंधनात कवीला जसा अनपेक्षित शब्द सापडतो, तसा.

बंदी घालणाऱ्या या मास्तरांच्या हाताखाली ड्रिब्लर मेले नाहीत, हे विशेष. १९६२ च्या जकार्ताच्या संघाचा कर्णधार चुनी गोस्वामी हा भारतातल्या सर्वांत देखण्या ड्रिब्लरांपैकी एक. तुलसीदास बलराम हा सिकंदराबादजवळच्या अम्मुगुड्याचा गरीब घरातला मुलगा, रहीम यांनी हेरलेला. मैदानापर्यंत येण्याचे पैसे नाहीत म्हटल्यावर सायकलीच्या भाड्याची सोय मास्तरांनी केली. बलरामच्या पायांत चेंडू जितका सहज राही, तितकाच तो सहज सुटेही. ४ सप्टेंबर १९६२ च्या अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्धचे आपले दोन गोल पी. के. बॅनर्जी आणि जर्नेलसिंग यांचे. जर्नेलसिंग मुळात बचावपटू, डोक्याला दुखापत झालेली. रहीम यांनी त्याला पुढे आक्रमणात खेळवले होते. खेळाडूला त्याच्या सवयीबाहेर नेऊन पाहणे हा या शिक्षकाचा स्वभावच असावा.

आता वालूरकडे परत येतो, आणि जे सांगायचे आहे त्या अवघड भागाकडेही. मनमाडहून निघून औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर), जालना, सेलू, परभणी, नांदेड करत निजामाबादमार्गे हैदराबादकडे जाणारा लोहमार्ग विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुरू झाला. सेलूच्या स्टेशनात बसलेला माणूस काचीगुड्याला उतरू शकत होता. परभणी जिल्हा निजामाच्या राज्यात होता, माध्यमिक शिक्षणाचे माध्यम उर्दू होते, आणि उच्च शिक्षणासाठी बरीच मराठी मुले याच दिशेने जात. याच जुन्या परभणी जिल्ह्यातल्या नांदापूरचे नरहर कुरुंदकर हैदराबादेत शिकले. त्यांचे मामा डॉ. ना. गो. नांदापूरकर उस्मानिया विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक होते. कुरुंदकरांचे हैदराबाद आणि रहीममास्तरांचे हैदराबाद एकाच काळातले एकच शहर. आमच्या विद्यार्थ्यांना पहिले ठाऊक असते, दुसरे नसते.

याचे कारण समजण्यासारखे आहे. मराठवाड्यासाठी हैदराबाद म्हणजे आधी रझाकार, मग १७ सप्टेंबर १९४८. त्या काळात या भागाने जे सोसले ते पुसून टाकून कुणी गोड चित्र रंगवावे असे आम्ही म्हणत नाही. आमच्याच घरांत त्या दिवसांच्या गोष्टी ऐकत आम्ही मोठे झालो आहोत. परंतु जुलमी राजवटीच्या राजधानीत साधे शाळामास्तरही राहतात, आणि राजवट गेली तरी त्यांचे काम उरते. रहीम १९४३ मध्ये निजामाच्या हैदराबादेत सचिव झाले आणि लोकशाहीच्या हैदराबादेत सचिव म्हणून वारले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार पुनर्रचनेत परभणीसह मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. बरोबर एका महिन्याने, १ डिसेंबरला, मेलबर्नमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले आणि ऑलिंपिकची उपांत्य फेरी गाठली. त्या दिवशी तीन गोल करणारे नेव्हिल डिसूझा मुंबईचे, म्हणजे आमच्या नव्या राजधानीचे. शिकवणारे रहीम आमच्या नुकत्याच सुटलेल्या राजधानीचे. राज्य मोडले तरी 'हैदराबाद' या नावाचा संघ उरला आणि १९५६-५७ व १९५७-५८ अशा दोन वर्षांची संतोष ट्रॉफी त्यानेच जिंकली. मराठवाड्याने मात्र हैदराबादशी असलेला हिशेब मिटवला तो सरसकट. भाषेत उर्दूचे शब्द उरले, ताटात हैदराबादी चव उरली. शिकवण्याच्या पद्धतीसारखी न दिसणारी गोष्ट गाडीतून उतरवून घ्यायची राहिली.

मुळात ती कधी गाडीत चढली होती का, असे कुणी विचारील. प्रश्न रास्त आहे. फुटबॉल हैदराबाद शहरात होता, पोलिसांत होता, कॉलेजांत होता. जिल्ह्याच्या खेड्यांत पोचला नाही. काळ्या मातीवर ड्रिब्लिंग करून पाहिल्याशिवाय त्याचे एक कारण कळत नाही. पावसात चेंडू आणि पाय दोन्ही चिखलाला चिकटतात, उन्हाळ्यात भेगांमुळे चेंडू कुठे उसळेल ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. त्या जमिनीवर हुतूतू, आट्यापाट्या आणि कुस्ती. कोल्हापुरात राजाश्रय मिळाला, तालमींनी संघ काढले आणि पेठापेठांत फुटबॉल रुजला. नागपुरात २००१ साली विजय बारसे या महाविद्यालयीन क्रीडाशिक्षकाने पावसात फुटक्या बादलीला लाथाडणारी झोपडपट्टीतली मुले पाहिली आणि त्यातून एक चळवळ उभी केली. २०२२ चा 'झुंड' तिच्यावरचा. मराठवाड्यात असे काही दृष्टीस पडले नाही. मग १५ सप्टेंबर २०१७ रोजी, सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा भारतात भरणार म्हणून, राज्यभर एकाच दिवशी दहा लाख विद्यार्थ्यांना फुटबॉल खेळवण्याचा उपक्रम झाला. त्यासाठी शाळाशाळांतून चेंडू आले. एका शाळेत आम्ही पुढे विचारले, तेव्हा ते चेंडू कपाटात होते, हवा गेलेले. चावी सरांकडे आणि सर बदलीवर. शाळेचे नाव घेण्यात अर्थ नाही, अशा शाळा पुष्कळ असतील. चेंडू आला, त्यामागची विद्या आली नाही.

वालूरचे ते शिक्षक अपवाद होते. त्यांनी स्वतःच्या पैशाने चेंडू आणला होता. दगडांचे गोल होते, शंकूंच्या जागी पाण्याच्या अर्ध्या भरलेल्या बाटल्या. आम्ही त्यांना रहीम यांच्या तीन स्पर्धांविषयी सांगितले. पाच फुटांच्या अटीवर ते हसले. त्यांची सगळीच मुले पाच फुटांच्या आतली. ड्रिब्लिंगबंदी त्यांना फारशी रुचली नाही. म्हणाले, "सर, या पोरांना खेळायला लावतंय तेच मुळात हे. तेच काढून घेतलं तर उद्या येतीलच कशाला?" आमच्याजवळ याला उत्तर नव्हते, आणि आजही पुरते नाही. रहीम यांच्या मुलांना फुटबॉलची गोडी आधीच लागलेली होती. इथे ती लागायची आहे. आधी बोली, मग प्रमाण. क्रम उलटला तर दोन्ही जातात, हे आम्ही पहिलीच्या वर्गांबद्दल मोठ्या आवाजात सांगतो आणि मैदानावर विसरतो.

कमकुवत पायाचा प्रकार मात्र त्यांनी तिथल्या तिथे करून पाहिला. "आता फक्त डाव्या पायानं. तू डावरा आहेस ना? तू उजव्यानं." त्या काटकुळ्या पोराचा चेहरा पडला. पहिल्याच फटक्याला चेंडू त्याच्या पायाखालून निसटला आणि तो पाठीवर आपटला. सगळी मुले हसली, तोही हसला. थोड्या वेळाने त्याने चेंडू अडवला, मान वर केली आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदाच दुसऱ्याला दिला. "सर, दिला की!" पलीकडून कुणीतरी ओरडले.

निघताना शिक्षकांनी रहीम यांचे पूर्ण नाव विचारून मोबाइलमध्ये लिहून घेतले. १७ सप्टेंबरला झेंडावंदनानंतर मुलांचा डाव्या पायाचा सामना ठेवणार आहेत. आम्हांला पंच म्हणून बोलावले आहे.